गवतात पुरलेली नाळ

नोव्हेंबरात एक सर येऊन गेली, तिच्यानंतर आमच्या टर्नबॅक गावाकडं पाऊस फिरकला नाही. मार्च लागला तेव्हा वॅश्टीच्या टाक्याचा तळ दिसायला लागला होता. तरी ती रोज उजाडायच्या आत चुंबळ डोक्यावर ठेवायची, एक डबा डोक्यावर आणि एक हातात घेऊन उतारावर जायची आणि दुधाच्या रिकाम्या डबीनं पातीच्या कांद्याला पाणी पाजायची. एका रोपाला अर्धी डबी. एक दिवस वरचे वाफे, दुसऱ्या दिवशी खालचे. पंचावन्न वर्षांची बाई, तासभर कमरेत वाकलेली. मी कुंपणाच्या अलीकडं माझ्या पायरीवर बसून बघत असे. माझे गुडघे केव्हाच कामातून गेलेत, पण बघण्याचं काम मी अजून चोख करते.

पाणी घालून झालं की कापणी. उताराला आडव्या अशा तापगवताच्या सात ओळी होत्या. तुम्ही त्याला गवती चहा म्हणाल. आम्ही तापगवत म्हणतो, कारण ताप आला की आमच्याकडं डॉक्टरच्या आधी हेच येतं. चहाला तेच, तापल्या पोराच्या आंघोळीच्या पाण्यात तेच, कोंबड्यांच्या खुराड्यात पिसवा होऊ नयेत म्हणून तेच. वॅश्टीनं ते उतारावर लावलं ते लाल माती वाहून जाऊ नये म्हणून. पाऊस नसला की तीच पात कापून ती कांद्याच्या मुळाशी अंथरायची, म्हणजे घातलेलं पाणी ऊन पिऊन टाकत नाही. त्या पातीच्या कडा मोठ्या वाईट. वॅश्टीच्या हातांवर कोपरापर्यंत रेघा होत्या, जुन्यांवर नव्या, आणि त्यांत घाम गेला की ती दातांतून वारा ओढायची.

"अगं, हातमोजे घाल की," मी म्हणायची.

"मोजं घातल्यावर पात हाताला कळत न्हाई, मिस आयव्ही. मग मुळासकट उपटून येती."

"मग बाही तरी खाली कर."

"बाही फाटली तर शिवायची कुणी? कातडी आपली आपण शिवली जाती."

असं तिचं बोलणं. कुणाबद्दल तक्रार नाही, कशाची मागणी नाही. गावात तिला 'गवताची वॅश्टी' म्हणत. ती कापते म्हणून नव्हे. ते नाव तिला अंगात पहिलं झबलं चढायच्या आधीच पडलं होतं.

आमच्याकडं मूल जन्मलं की नवव्या दिवशी त्याची वाळलेली नाळ पुरतात आणि तिच्यावर झाड लावतात. नीरफणस, नारळ, आंबा, जे मिळेल ते. ते झाड त्या मुलाचं. फळं त्याची, सावली त्याची, आणि कधी वाटणी झालीच तर झाडाखालची जागा त्याची. सरकारी कागद कुणातरी मेलेल्या पणजोबाच्या नावावर असतो, तो उंदरांनी अर्धा खाल्लेला असतो. झाड कुणाचं हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वॅश्टी जुळ्यांतली एक. तिच्या भावाची, क्लोव्हिसची, नाळ टाक्याशेजारच्या नीरफणसाखाली. ते झाड आता दोन माणसांच्या कवेत येत नाही. आणि वॅश्टीची नाळ स्वयंपाकघराच्या दाराशी, तापगवताच्या ठोंबात.

का, तर पोरगी उंदराएवढी जन्मली होती म्हणे. आजीनं बघितलं आणि म्हणाली म्हणे, ही काही जगत नाही, हिच्यापायी झाड कशाला वाया घालवा. 'म्हणे' मी मुद्दाम म्हणते, पुढं कळेल. शाळेच्या वाटेवर पोरं ओरडायची, "वॅश्टी, पळ! गाढव आलं चरायला!" ती खाली मान घालून चालायची आणि क्लोव्हिस पुढं निघून जायचा.

अठराव्या वर्षी क्लोव्हिस मावशीनं पाठवलेल्या तिकिटावर इंग्लंडला गेला. सदतीस वर्षं तिथं बस चालवली. वॅश्टी इथंच राहिली. त्यांची आई, कोरालीन, शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, ते सगळं वॅश्टीनं केलं. आई गेली तेव्हा क्लोव्हिसनं शवपेटीचे पैसे पाठवले आणि रजा मिळत नाही म्हणून कळवलं. चांगली पेटी होती, पितळी कड्यांची. उचलायला मात्र शेजारी होते.

तो क्लोव्हिस या जानेवारीत कायमचा परत आला. पेन्शन घेऊन, दोन पिंपं सामान घेऊन, आणि थंडीतली माणसं चालतात तसा भरभर चालत. वाईट माणूस नव्हता हो. वाईट असता तर मला ही गोष्ट सांगायला सोपं गेलं असतं.

पहिल्या सकाळी वॅश्टीनं त्याला तापगवताचा चहा दिला, इनॅमलच्या मगात, आलं आणि साखर घालून. त्यानं वास घेतला आणि हसला.

"हे तिकडं तीन काड्या प्लास्टिकात गुंडाळून विकतात, वॅश्टी. आणि लोक घेतात! मी म्हणायचो, आमच्याकडं या, आमच्या बहिणीनं डोंगरभर लावलंय, फुकट न्या." हातातला मग खाली ठेवून म्हणाला, "कॉफी नाहीये का?"

कॉफी नव्हती. ती दुकानात गेली. उन्हात एक मैल जाणं, एक मैल येणं. आली तेव्हा त्याची भूक मोडली होती. मी पायरीवरून म्हणाले, "साहेबांची न्याहरी झाली का गं?" तिनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

महिनाभर तो जमीन हिंडून बघत होता. फेब्रुवारीत एका दुपारी तो उतारावर मधोमध उभा राहिला. एक टाच कांद्याच्या वाफ्यात होती, ते त्याच्या ध्यानात नव्हतं. खालून समुद्रावरचा वारा येत होता.

"घर इथं," तो म्हणाला. "तीन खोल्या, पुढं व्हरांडा. सदतीस वर्षं मी हा वारा आठवत झोपलोय, वॅश्टी."

वॅश्टी पात कापत होती. कोयता थांबला.

"मोजणी करून घेऊ. माझं वय झालं, तुझं झालं. उद्या काही झालं तर गोंधळ नको. कायद्यानं जायचं तर वकील दहा वर्षं खाईल. त्यापेक्षा आपली जुनी रीत काय वाईट आहे? ज्याचं झाड, त्याची जागा. माझं झाड वर टाक्याशी, म्हणजे टाकं आणि हा उतार माझ्याकडं. तुझं दाराशी, म्हणजे जुनं घर आणि अंगण तुझं. नव्या घरात तुला कामही राहील. स्वयंपाक, धुणं. परक्या बाईला कशाला पैसे द्यायचे?"

"व्हय," वॅश्टी म्हणाली.

नुसतं व्हय! त्या उतारावर तिचं पोट होतं. बाजारात जी काय जुडी विकायची ती तिथली. अंगणात काय पिकणार, चार मिरच्या? भावाच्या घरी मोलकरीण व्हायचं, पगाराचं नाव नाही, आणि ही म्हणते व्हय. मला पायरीवर बसवेना. तो गेल्यावर मी कुंपणाशी गेले.

"व्हय काय म्हणालीस गं? शब्द तोच एक हाय का तुझ्याकडं?"

"खरंच हाय की ते, मिस आयव्ही. माजी नाळ गवतात हाय. गवताला किती जागा लागती?"

"आन हा उतार कुणी केला? धोंडे कुणी वेचले?"

"मीच. पर धोंडे वेचल्यानं जागा होती काय कुणाची? मग सरकारच्या रस्त्यावर पन माजा हक्क सांगीन." ती हसली. दमलेली माणसं हसतात तसं, आवाज न करता. तिला ते खरंच पटलं होतं. भावानं फसवलं असतं तर ती कदाचित भांडली असती. पण तिचा त्या रीतीवर त्याच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

दोन दिवसांनी क्लोव्हिस माझ्याकडं आला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि निळा लोकरी स्वेटर घेऊन. आमच्या उन्हात लोकर! पण चांगली लोकर होती. मी हात फिरवून बघितला.

"मिस आयव्ही, आई सांगायची, आमच्या नाळा पुरल्या तेव्हा खड्डे तुम्ही खणले होते."

"खणले होते."

"आता जिवंत साक्षीदार तुम्हीच. मोजणीवाले साहेब पुढच्या आठवड्यात गुरुवारी येतायत. त्यांच्यासमोर एवढं दाखवायचं, माझी नाळ कुठं, तिची कुठं. बास."

"एवढंच ना," मी म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडलं. खोटं कशाला सांगू, तो असतानाच एक बिस्किट तोंडात टाकलं.

आता ऐका काय झालं होतं ते.

मी तेव्हा सतरा वर्षांची, नुकती लग्न होऊन शेजारी आलेली. माझ्या नवऱ्यानं, युस्टासनं, लग्नानंतर पहिली वस्तू घेतली ती एक बोकड. मला कधी फुलाफुलांचा झगा घेतला नाही, पण बोकडावर फार जीव. जुळ्यांच्या आजीनं दोन नाळांसाठी नीरफणसाच्या मुळावरचे दोन फुटवे आणून टाक्याशी ओल्या पोत्यात ठेवले होते. नवव्या दिवशी सकाळी बघितलं तर एकच. दुसऱ्याचा बुडखा उरला होता आणि माझा बोकड तोंड हलवत उभा. आजीनं अजून बघितलं नव्हतं. मी भीतीनं अर्धमेली झाले. युस्टासचा हात जड होता. मी बुडखा उचलून झुडपात फेकला, धावत माझ्या अंगणात गेले, तापगवताच्या ठोंबातून मूठभर कोंब मुळासकट उपटले आणि आणून म्हणाले, "आजी, फुटवा एकच दिसतोय. दुसऱ्याला हे लावू या का? हे कधी मरत न्हाई."

आजीला कमी दिसायचं. ती म्हणाली, "लाव बाई, देवाला सगळं हिरवं सारखंच."

आणि दोन्ही नाळा होत्या एकाच रुमालात. एक मंगळवारी गळली, एक बुधवारी, आजीनं दोन्ही त्याच रुमालात गुंडाळून बायबलाखाली ठेवल्या होत्या. वाळल्या नाळेचा तुकडा बोटाच्या पेराएवढा, काळा. मुलाची कुठली, मुलीची कुठली, देव जाणे. आजीनं एक काढून झाडाच्या खड्ड्यात टाकली, दुसरी गवताच्या. माती ओढून झाल्यावर तिनं विचारलं, "अगं, पोराची कुठली गेली?" मी म्हणाले, "झाडाची, आजी. झाड पोराचं." दुसरं काय म्हणणार? झाड पोरीचं आणि गवत पोराचं असं तेव्हा कुणी ऐकून घेतलं असतं?

उंदराएवढी पोरगी ही गोष्ट नंतर निघाली. लोकांना कारण लागतं. पोरीच्या वाट्याला गवत का, तर ती मरायला टेकली असणार. खरं सांगायचं तर दोघांत तीच जाडजूड होती, क्लोव्हिसच्या मांड्या काडीसारख्या. पण मी कुठं खोडून काढलं? कारण सांगायला गेलं की बोकड निघायचा. पुढं बोकड मेला, आजी मेली, युस्टास मेला, आणि तोवर ती गोष्ट एवढी जुनी झाली होती की तिला हात लावायचं कारणच उरलं नाही. एका पोरीला पोरं गवतावरनं चिडवतात, तेवढंच. असं मी मनाला सांगत आले.

बिस्किटं चांगली होती. रोज दोन खात होते. तिसऱ्या दिवसापासून ती मला गोड लागेनात, पण खात होते.

वॅश्टीचं काम थांबलं नव्हतं. क्लोव्हिसनं जूनपर्यंतचं पीक तिला दिलं होतं, 'दिलं' असाच शब्द त्यानं वापरला. ती रोज पाणी नेई, पात कापी, अंथरी. आठ डबे, मग सहा, मग पाच, कारण टाकं खाली चाललं होतं आणि क्लोव्हिसला रोज अंगावर पाणी घ्यायची सवय होती. दुपारी ती माझ्या पायरीशी येऊन बसे, उकडलेली हिरवी केळी आणि खारा मासा एकाच ताटलीत दोघी खात असू. तिच्या हातांना त्या गवताचा वास कायम असे. मी तोंड उघडायची आणि घास घालून बंद करायची.

"जागा बदलली की गवत सोडून द्यावं लागंल," ती एकदा म्हणाली. "नव्या घराला पाया खणतील तवा वरच्या चार ओळी जातील."

"मग?"

"मग काय. कोंब काढून अंगणात लावीन. चार वर्षांनी ठोंब फोडावाच लागतो, न्हाईतर मधनं मरतो. कडंचं तेवढं जगतं." तिनं काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला. "त्याच्या घरात फरशी असंल. पुसायला बरी पडंल. गुडघ्यांला मातीपेक्षा बरी."

मोजणीच्या दोन दिवस आधी क्लोव्हिसनं गावातली दोन माणसं लावून अंगण साफ करून घेतलं. मोजणीवाल्याच्या दुर्बिणीला रस्त्याच्या कोपऱ्यापासून टाक्यापर्यंत सरळ दिसायला हवं होतं. वॅश्टी बाजारात गेली होती. मी कुदळीचा आवाज ऐकून बाहेर आले तोवर स्वयंपाकघराच्या दाराशी खड्डा होता आणि तापगवताचा तो जुना ठोंब मागच्या बाजूला इतर कचऱ्याबरोबर जळत होता. धुराला तोच लिंबाचा वास. पंचावन्न वर्षं तो ठोंब तिथं होता. दर चार वर्षांनी तिनं त्यातूनच कोंब काढून उतारावर ओळी लावल्या होत्या, आणि अर्ध्या गावानं त्यातूनच नेले होते.

"क्लोव्हिस!" मी ओरडले. "काय केलंस हे? तिची नाळ हाय तिथं!"

त्याचं तोंड उतरलं. खरंच उतरलं. "मधून सगळा वाळलेला होता, मिस आयव्ही. मला वाटलं मेलाय. त्या माणसांनी विचारलं, मी हो म्हणालो." त्यानं कडेची माती पायानं खड्ड्यात लोटली. "जागा तर तिचीच राहणार. मी नवं आणून लावतो."

वॅश्टी पाचच्या गाडीनं आली. डोक्यावरची रिकामी टोपली तिनं खाली ठेवली नाही. तशीच खड्ड्याशी उभी राहिली. क्लोव्हिस सांगत होता, ती ऐकत होती.

"मधलं मेलंच हुतं," ती शेवटी म्हणाली. त्याला धीर द्यायला! मग टोपली उतरवून केर काढायला लागली, कारण राख उडून दारात आली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही एवढंच सांगते.

गुरुवारी सकाळी मोजणीवाले साहेब आले. तिकाटणं, दुर्बीण, खुंट्यांची थैली, आणि घाम पुसायला मोठा रुमाल. बाहेरच्या हद्दी दाखवायला मास युराया आला होता, मास म्हणजे आमच्याकडं बाप्यांना लावायचा मान; ऐंशीचा म्हातारा, काठीनं धोंडे दाखवत फिरला. मोजणी म्हटली की आमच्याकडं लोक जमतातच. दहा-बारा जण कुंपणाला टेकून उभे होते. वॅश्टी टाक्याच्या कठड्यावर बसली होती. पाण्याचे डबे तिच्या पायांशी रिकामेच होते, कारण सगळ्यांसमोर उतारावर पाणी न्यायला तिला लाज वाटत होती. तो उतार आता तिचा नव्हता ना.

"मला भांडणाशी काम नाही," साहेब म्हणाले. "दोघं जिथं म्हणाल तिथं मी मधली खुंटी ठोकणार. दोघांची सही. संमती आहे ना?"

"आहे," क्लोव्हिस म्हणाला.

"बाई, तुमची?"

"व्हय," वॅश्टी म्हणाली.

"साक्षीदार कोण?"

क्लोव्हिसनं मला हात धरून पुढं आणलं. चांगल्या मायेनं धरला होता. "मिस आयव्ही. यांनीच खड्डे खणले. सांगा साहेबांना, माझी नाळ कुठं पुरली ते."

मी नीरफणसाकडं बघितलं. मग त्या खड्ड्याकडं. मग वॅश्टीकडं बघायला गेले आणि बघवलं नाही.

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणाले.

"असं काय करता? तुम्हीच तर…"

"खड्डे मी खणले. एक हितं, एक दाराशी. नाळा दोन्ही एका रुमालात हुत्या. तुज्या आजीनं हाताला लागली ती काढली आन टाकली. कुठली कुणाची ते तिला ठाऊक न्हवतं, मला न्हवतं. झाड तुजं असं मी म्हणाले, कारण तू पोरगा हुतास."

कुंपणाशी कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मास युरायानं काठी जमिनीवर आपटली.

"आन गवत का लावलं मग? दोन झाडं मिळाली न्हाईत व्हय गावात?"

"दोन हुती. एक माज्या बोकडानं खाल्लं."

आता मात्र सगळेच हसले. पंचावन्न वर्षं मी जे गिळून बसले होते त्यावर लोक पोट धरून हसले, आणि मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. मी तरी सगळं सांगितलं. बुडखा, झुडूप, युस्टासचा हात, सगळं.

क्लोव्हिस हसला नाही. त्यानं नीरफणसाच्या खोडावर तळवा टेकवला होता, तो काढून घेतला. दाराशी गेला. खड्ड्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"म्हणजे मिस आयव्ही, मी परवा जाळलं ते… ते माझं असेल?"

"असंल. नसंल. मला ठाऊक न्हाई, बाबा."

"पण तुम्हाला काही तरी वाटत असेल. मोठी कुठली होती? जाड कुठली होती?"

"दोन्ही सारख्या हुत्या, क्लोव्हिस."

इंग्लंडात इतकी वर्षं माणूस एका झाडाच्या भरवशावर काढतो, आणि मग कुणी म्हातारी येऊन सांगते की ठाऊक नाही. मला त्याचीही दया आली. साहेबांनी घसा साफ केला. त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं.

"अर्धं अर्धं मोजा," क्लोव्हिस म्हणाला. "वरून खालपर्यंत. टाकं दोघांचं. उताराचा तिच्या बाजूचा भाग तिचा." मग वॅश्टीकडं न बघता म्हणाला, "घर मी माझ्या अर्ध्यात बांधीन. वारा तिथंही येतो."

साहेबांनी दोरी टाकली. नीरफणस क्लोव्हिसच्या बाजूला राहिला, खड्डा वॅश्टीच्या. कांद्याचे बहुतेक वाफे आणि गवताच्या साती ओळींचा मोठा भाग तिच्याकडं आला. दोघांनी सह्या केल्या. लोक पांगले. बोकडाची गोष्ट घेऊन ते दुकानात जाणार हे मला दिसतच होतं.

मला वाटलं होतं वॅश्टी खूश होईल. लपवत कशाला, मला वाटलं होतं ती माझे हात धरेल. ती कठड्यावरून उठून माझ्यासमोर आली.

"बोकड तुमचा हुता."

"व्हय गं."

"पोरं माज्या मागं वरडायची तवा तुमी हितंच पायरीवर असायचा."

"व्हय."

"मग मी मरायला टेकले हुते ते?"

"न्हाई, वॅश्टी. तूच जाडी हुतीस. तोच बारका हुता."

तिच्या हातांवरच्या रेघा ताज्या होत्या, एकीतून रक्त आलेलं होतं, ते तिनं पुसलंही नव्हतं.

"मला वाटायचं, मी जगले हेच लई झालं," ती म्हणाली. "जी जगायचीच न्हवती तिनं आनि काय मागायचं? शाळा सोडली तवा काय म्हणाले न्हाई. त्याला तिकीट आलं, मला न्हाई, तवा काय म्हणाले न्हाई. जेरोमनं लग्नाचं विचारलं आन आई म्हणाली मला कोण बघंल, तवाबी न्हाई. मी म्हणायची, वॅश्टी, तू फुकटात जगतीयास, गप बस."

मला रडू फुटलं. बहात्तर वर्षांची मी, तिच्यापुढं उभी राहून रडत होते. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"आज नको, मिस आयव्ही," ती म्हणाली. "आज मी दमले हाय."